ट्युलिप, कांदा आणि भावकी

आल्मेरे, रविवार, १७ मे २०२०

तीर्थरूप श्रीधरकाकांना हेमचंद्राचा वाकून नमस्कार (सध्याच्या नियमाप्रमाणे दीड मीटर अंतरावरून, पण मनोभावे).

आपला गुडघा कसा आहे? संध्याकाकूंचं ब्लडप्रेशर काय म्हणतं? कऱ्हाडात दूधवाला वेळेवर येतो ना? आपण घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडल्यापासून तिकडची खबर कळायची पंचाईत झाली आहे. (मधूआत्यानं ते ‘हिमालयात शंभर वर्षांतून एकदा उमलणारं दैवी पुष्प’ पाठवलं, आपण त्याखाली ‘हे उलटं धरलेलं केळफूल आहे’ एवढंच लिहिलं, तिनं श्रद्धेचा मुद्दा काढला आणि आपण ग्रुप सोडला. काका, आपलं शंभर टक्के बरोबर होतं, पण ग्रुपमध्ये त्यानंतर नुसती सुप्रभातंच येतात.) फोनवर आपल्याला नीट ऐकू येत नाही, तेव्हा हे सविस्तर ई-पत्र. आपण ते छापून घेऊन लाल पेनानं वाचणार हे ठाऊक असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतो आहे. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. स्नेहल माळ्यावरच्या खोलीत बसून ऑफिस करते, मी खाली जेवणाच्या टेबलावर, आणि आमची आसावरी जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून शाळा. माझं अॅमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागातलं ऑफिस मार्चपासून बंद आहे. खुर्चीला अडकवलेलं माझं जाकीट तिथे एकटंच कामाला जात असणार. आईची तब्येत उत्तम आहे. आईबद्दल पुढे येईलच, किंबहुना पुढे दुसरं काही येणारच नाही.

आई मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली ती आपल्याच सांगण्यावरून. दादा गेल्यापासून ती कऱ्हाडच्या घरी आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसून असायची, तेव्हा ‘वहिनींना घेऊन जा, ट्युलिपं दाखव’ असं आपण म्हणालात. मी तिकीट काढलं, ती आली, आणि आठवड्याभरात ट्युलिपांच्या बागेसकट अख्खा देश बंद झाला. मग तिनं आमच्या दिवाणखान्यातली खिडकी धरली. दिवसभरात दोनच प्रश्न विचारायची: विमानं कधी सुरू होणार आणि भात किती टाकू. तिकडे टीव्हीसमोर बसायची ती इथे कालव्यासमोर बसते, एवढाच काय तो फरक मी केला, असं वाटून मला फार वाईट वाटायचं. हे मी कुणाला बोललो नाही, आपल्याला सांगतो आहे.

आता मुख्य बातमी. काका, मी फुलझाडं ओळखण्याचं संकेतस्थळ बांधतो आहे! (हे एकच उद्गारचिन्ह माफ करा, पुढे वापरणार नाही.) झालं असं की आसावरीला शाळेनं घराजवळची दहा रानफुलं ओळखून आणायला सांगितली. मी ऐटीत फोनवरचं एक अॅप उघडलं आणि कालव्याकाठच्या एका पिवळ्या फुलावर धरलं. अॅप म्हणालं, हे एकसष्ट टक्के सूर्यफूल आहे. फूल रुपयाच्या नाण्याएवढं. दुसऱ्या फुलाला त्यानं माझा बूट ठरवलं. तेव्हा मला आपली आठवण झाली. लहानपणी आगाशिवाच्या डोंगरावर आपण आम्हा पोरांना भिंग देऊन विचारायचात: पानं समोरासमोर की एकाआड एक? पाकळ्या जुळलेल्या की सुट्या? एकेका प्रश्नानं वाट फुटत जायची आणि शेवटी झाडाचं नाव यायचं. ओळखकिल्ली म्हणायचात आपण तिला. मी म्हटलं, प्रश्न विचारायचा, हो-नाही उत्तर घ्यायचं आणि पुढच्या प्रश्नावर जायचं, हेच तर मी गेली अठरा वर्षं विमा कंपन्यांसाठी करतो आहे. विमेदाराच्या जागी फूल ठेवलं की झालं. हॉलंडातल्या मराठी घरांसाठी, मराठीतून, इथल्या फुलझाडांची ओळखकिल्ली. चार रात्री, फार तर पाच, असा माझा अंदाज होता. (आमच्या धंद्यात अंदाज कसे असतात ते आपल्याला ठाऊक नाही म्हणून हे धीटपणे लिहितो.)

किल्ली तयार झाली, आता ती कुणीतरी वापरून पाहायला हवी. आमच्याकडे याला ‘टेस्टिंग’ म्हणतात आणि त्यासाठी विषयातलं काहीही न कळणारा माणूस शोधतात. घरात रिकामं कोण होतं? मी आईच्या हातात एक पांढरं फूल दिलं, लॅपटॉप पुढे केला. पहिला प्रश्न: फुलाचा अंडाशय ऊर्ध्वस्थ आहे की अधःस्थ? आईनं फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे राहू दे. देवाला चालतं का, ते आधी विचार.”

मी हसलो. मग तिला बरं वाटावं म्हणून खरोखरच तो प्रश्न घातला, तिथून सगळं हातातून गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं मागणी केली की ‘माळता येतं का’ हाही प्रश्न हवा. मग ‘निर्माल्य होईपर्यंत टिकतं का, की ताटातच मान टाकतं’. मग ‘भाजी होते का’. मग ‘शेळी खाते का’. हा शेवटचा प्रश्न तपासायला आल्मेरेत शेळी आणायची कुठून? पण इथे मुलांसाठी गावात प्राण्यांचा वाडा असतो, तो बंद असला तरी कुंपणाबाहेरून शेळ्या दिसतात. तिथे आई हातात रानफुलांच्या जुड्या घेऊन एकेक कुंपणापाशी धरू लागली आणि मी शेळीच्या चेहऱ्यावरचे भाव टिपू लागलो, तेव्हा आतल्या बाईंनी नम्रपणे विचारलं की आपण नेमकं काय करता आहात. मी म्हणालो, डेटा गोळा करतो. त्या म्हणाल्या, शेळ्यांचं पोट बिघडतं. तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.

ऑफिसातही एकदा फजिती झाली. बैठकीत मी पडद्यावर चुकीची खिडकी दाखवली, आणि माझ्या डच साहेबांना विम्याच्या तक्त्याऐवजी ‘देवाला चालतं का: हो / नाही / फक्त शंकराला’ असं दिसलं. त्यांना मराठी येत नाही, पण तीन पर्याय असलेली गोष्ट त्यांना नेहमी आवडते. त्यांनी रचनेचं कौतुक केलं.

काका, आता जे लिहितो ते आपण बसून वाचा. आईला एकाही कुळाचं शास्त्रीय नाव येत नाही, पण तिच्या डोक्यात फुलांची भावकी तयार आहे. आपल्या घराण्यातलं कोण कुणाचं साडू आणि कुणाच्या चुलतसासऱ्याचं घर कोळे गावात आहे हे तिला जसं पाठ असतं, त्याच कप्प्यात तिनं हॉलंडची फुलं घातली. कालव्याकाठच्या वेलाला चिमुकल्या शेंगा दिसल्या की ‘ही घेवड्याकडची’. चार पाकळ्यांचं पिवळं फूल दिसलं की ‘ही मोहरीची माणसं’. छत्रीसारखे पांढरे तुरे दिसले की ‘कोथिंबिरीच्या माहेरची’. त्या सूर्यफूल ठरवलेल्या पिवळ्या फुलाची एक पाकळी तिनं उपटली, तळाशी बारीक बी दाखवलं आणि म्हणाली, झेंडूसारखंच, हे एक फूल नाही, आत सगळं गाव बसलंय. मी आपल्या जुन्या टिपणांशी ताडून पाहिलं. दहातली सहा कुळं बरोबर निघाली! (हेही माफ करा.)

उरलेली चार मात्र अशी चुकली की विचारू नका. शेजारच्या आनेकाबाई (निवृत्त परिचारिका, फार प्रेमळ, आवाज मोठा) बागेतून ट्युलिपचे कंद उपटून टोपलीत भरत होत्या. आईनं कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि घरात येऊन जाहीर केलं की ट्युलिप म्हणजे कांदा. सोललं की पापुद्रे निघतात, आणखी काय पुरावा हवा? तेव्हा ट्युलिपच्या पानावर तिनं स्वतः टाइप केलं: ‘देवाला चालतं, चातुर्मासात वर्ज्य.’ मी इंटरनेट उपसलं. तर पूर्वी म्हणे कांदा आणि ट्युलिप खरंच एकाच मोठ्या कुळात होते, पण पुढे शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून ते कूळ मोडलं आणि दोघांची वेगवेगळी घरं करून दिली. मी विजयी मुद्रेनं आईला हे सांगितलं. तिनं एकत्र कुटुंब कुणी मोडलं म्हणून विचारलं, आणि मग म्हणाली, “वाटण्या झाल्या म्हणून सुतक सुटतं का?” यावर शास्त्रात काही उत्तर आहे का? आपल्याकडे असल्यास कळवावं. ट्युलिप चातुर्मासात फुलतच नाही हा मुद्दा मी मांडला होता, तो फेटाळण्यात आला.

दुसरा प्रसंग याहून गंभीर. त्या कोथिंबिरीच्या माहेरच्यांनी सध्या सगळं आल्मेरे पांढरं करून टाकलं आहे. सायकलच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी कमरेएवढे तुरे. आईनं पानं चुरगाळली, वास घेतला आणि वड्यांचा बेत ठरवला. कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या प्लास्टिकात गुंडाळून सुपरमार्केटवाले विकतात याचा तिला मार्चपासून राग होताच. जुडी घेऊन आम्ही परत येत होतो तेव्हा आनेकाबाईंनी ती पाहिली, आणि दीड मीटरचा नियम मोडून, धावत येऊन, आईच्या हातातून ती काढून घेतली. मग एकेक काडी वेगळी करून दाखवली. बऱ्याचशा काड्या निरुपद्रवी होत्या, पण तीन काड्यांच्या देठांवर जांभळे ठिपके होते. ते त्याच भावकीतलं दुसरं झाड, आणि असलं जहरी की त्याच्या वड्या केल्या असत्या तर हे पत्र आपल्याला दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. आई घरी आल्यावर बराच वेळ हात धूत होती. भावकीतला आहे म्हणून विश्वासू असतो असं नाही, हे कऱ्हाडच्या शेताच्या बांधापायी आपण सगळे शिकलो होतो, तरी विसरलोच. मी लगेच त्या झाडाची माहिती किल्लीत भरली. रंग पांढरा, विषारी हो, वास उग्र. किल्लीनं सगळे प्रश्न पार करून उत्तर दिलं: ‘शंकराला वाहावे.’ आईनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, बरोबरच आहे, धोतऱ्यासारखं. हे बरोबर असलं तरी पुरेसं नाही एवढं आम्हा दोघांनाही पटलं, आणि आता प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल अक्षरात ‘जाणकारानं सांगितल्याशिवाय तोंडात घालू नये’ असं लिहिलं आहे. अडचण एकच, की आमच्याकडे जाणकार नाही.

पण काका, उत्साह काय वर्णावा. गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन कार्यक्रमात आम्ही आमचं हे संकेतस्थळ, ‘फूलओळख’, दाखवलं. (दरवर्षी या सुमारास सहल असते, यंदा सगळे आपापल्या चौकोनात.) मी प्रास्ताविक करत होतो ते कुणी ऐकलं नाही. आईनं मध्येच आपला माइक सुरू करून सांगितलं की ज्याच्या दाराशी जे फुललं असेल ते कॅमेऱ्यासमोर धरा. एकदम तीस-बत्तीस चौकोनांतून फुलं आली! (तिसरं. आता मोजू नका.) अॅमस्टेलव्हीनच्या मंजूषानं गॅलरीतल्या कुंड्या आणल्या. आइंडहोव्हनचा रुचिर संगणकाच्या चिपांच्या यंत्रांवर काम करतो, त्यानं डेझीच्या पाकळीची लांबी दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत पाठवली, त्याला आईनं कळवलं की मोजमाप छान आहे, आता वास सांगा. मराठी कळूनही डचमध्ये उत्तरं देणारी पोरं आजी, आजी करत होती. आता रोज फोटो येतात. आई सकाळचा चहा झाला की साडीवर स्नेहलचं जाकीट आणि पायांत तिचेच बूट घालून निघते. माझ्या लॅपटॉपवर देवनागरी टाइप करते, मी बैठकीला उठलो की माझ्या खुर्चीत बसते, आणि परत आलो तरी लवकर उठत नाही. आनेकाबाईंना संकेतस्थळाची पानं यंत्रानं डचमध्ये भाषांतर करून मिळतात. त्यांच्या बागेतला लायलॅक (जांभळ्या फुलांचे सुवासिक तुरे) कुठल्या देवाकडे जातो हे त्यांनी चौकशी करून घेतलं आणि पहिला तुरा आमच्या देव्हाऱ्यासाठी कुंपणावर आणून ठेवला.

परवा तर कमाल झाली. आमच्या सायकलवाटेच्या कडेला एक निळं फूल तीन दिवसांपासून उमलू-उमलू करत होतं आणि आई रोज जाऊन त्याची चौकशी करत होती. परवा गेलो तर नगरपालिकेचं, म्हणजे इथल्या खेमेन्तेचं, गवत कापायचं भलं मोठं यंत्र समोरून येत होतं. मी कडेला झालो. आईनं एसटी थांबवावी तसा हात केला आणि गवतात उभी राहिली. यंत्र थांबलं. चालक खाली उतरला, कानावरचं काढलं, आई त्याला मराठीत काहीतरी सांगत होती, तो वाकून फुलाकडे पाहत होता. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. शेवटी त्यानं मान डोलावली, यंत्रावर चढला आणि तेवढा तुकडा वळसा घालून सोडून दिला. काका, आई परत येताना रस्ताभर बोलत होती. दादांबद्दलही बोलली, दीड वर्षात पहिल्यांदा, की त्यांना फुलांमधलं काही कळत नसे पण पूजेला फुलं कमी पडली की चिडत. मी सायकल हातात धरून चालत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की घर मागे गेलं तरी लक्षात आलं नाही.

आपण बघाल तर म्हणाल, हेमचंद्रानं किल्लीचं मातेरं केलं. खुशाल म्हणा. संकेतस्थळाचा पत्ता खाली देतो आहे. आई महिनाअखेरीच्या विशेष विमानानं परत येते आहे, वकिलातीकडून परवा संध्याकाळीच फोन आला. तिला सांगितलं तर ‘बरं’ म्हणाली आणि रात्री बॅग भरायला घेतली. संध्याकाकूंना नमस्कार सांगावा. आसावरीचा आपणा दोघांना ‘दाख’, म्हणजे टाटा.

आपला आज्ञाधारक पुतण्या,
हेमचंद्र

ता. क. काका, एक विनंती होती. पत्र खरं म्हणजे या विनंतीसाठीच लिहायला घेतलं, पण फुलांच्या नादात राहून गेलं. इथे अडकलेल्या पाहुण्यांना आणखी तीन महिने राहायची मुदतवाढ मिळते. म्हणजे आईला सबंध उन्हाळा मिळेल, आणि इथली निम्मी फुलं तर जूननंतरचीच. पण आपल्या घरात कुणाला तोंडानं ‘राहा’ म्हणायची पद्धत नाही. दादा पाहुण्यांना ‘संध्याकाळची एसटी चुकली वाटतं’ एवढंच म्हणत. मी ‘राहा’ म्हटलं तर मुलाचा शब्द कसा मोडायचा म्हणून ती राहील, मनात घर ओढत असेल तरी. आणि म्हटलंच नाही तर जाईल, आणि पुन्हा त्या टीव्हीसमोर बसेल, या विचारानं मला झोप लागत नाही. तेव्हा आपण तिला एक कडक पत्र लिहावं. किल्लीत गंभीर चुका आहेत, त्या उन्हाळी फुलं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय दुरुस्त होणार नाहीत, आणि हे काम शामलावहिनींनीच करायला हवं, असं. चुका शोधायला आपल्याला त्रास पडणार नाही. आपण शास्त्राचा हवाला दिलात तर तिला भीड पडणार नाही, तिच्या मनासारखं ती ठरवेल.

ता. क. २. मी हे सुचवलं असं तिला मुळीच कळू देऊ नये. दहा मिनिटं वर मंडळाच्या ऑनलाइन बैठकीला जातो, आल्यावर संकेतस्थळाचा पत्ता घालून पत्र पाठवतो.

भाऊजी, नमस्कार. मी शामला. हेमचंद्र वर बैठकीला गेला आहे आणि पत्र उघडंच आहे. फुलांचे फोटो चढवायला बसले होते, तर सगळं वाचलं. कडक पत्र लिहू नका, पण चुका जरूर काढा, खऱ्या काढा, त्या ठिपक्यांच्या देठाचं मला अजून नीट कळलेलं नाही. बॅग भरली ती जाड कपडे माळ्यावर टाकायला. स्नेहलनं आणि मी मुदतवाढीचा अर्ज कालच केला, विमानातली जागाही सोडून दिली, बाळंतपणाला निघालेल्या एका मुलीला ती मिळाली म्हणे. घराची ओढ आहे, नाही असं नाही, पण तिथं माझ्यासाठी आत्ता कुणी थांबलेलं नाही आणि इथं रोज उठून बघण्यासारखं काहीतरी आहे. हे मी पत्राच्या नकलेवर लिहिते आहे; ती पाठवल्यावर त्याच्या पाठवलेल्या पत्रांच्या खणातून काढून कशी टाकायची तेही मला येतं, आणि त्याचं मूळ पत्र तो आल्यावर पत्ता घालून पाठवेलच. त्याला यातलं काही सांगू नका. विमान जायला अजून अवकाश आहे. तोवर तो तोंडानं ‘आई, राहा’ म्हणतो का, तेवढं मला ऐकायचं आहे.